बुल साब: माणसं वर पोचवणारा माणूस

फौजेतले नामवंत गिर्यारोहक कर्नल नरेंद्र कुमार ३१ डिसेंबर २०२० ला दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटलमध्ये गेले. वय ८७. कोविडचं वर्ष, त्यात वर्षाचा शेवटचा दिवस, त्यामुळे बातमी आली, पंतप्रधानांनी श्रद्धांजली वाहिली, पेपरात एखादा फोटो आला आणि मग नवीन वर्षाच्या गडबडीत सगळं मागे पडलं. जे काही छापून आलं ते बहुतेक सियाचिनबद्दल होतं. ते बरोबरच आहे, सियाचिन त्यांच्याशिवाय समजूच शकत नाही, पण मला त्या माणसाबद्दल जे सगळ्यात जास्त भिडतं ते तेवढंच नाहीये, आणि ते कुठे नीट लिहिलेलं दिसत नाही म्हणून मीच लिहायला बसलोय.

आमच्या घरात हे नाव 'बुल साब' असंच यायचं. बाबा फौजेत होते. बुल साबच्या कुमाऊँ रेजिमेंटचे नव्हते, त्यांनी बुल साबना कधी जवळून पाहिलंही नव्हतं, पण फौजेत काही माणसांबद्दल जवान लोक ज्या आवाजात बोलतात ना, त्या आवाजात बाबा त्यांच्याबद्दल बोलायचे. मोठे अधिकारी पुष्कळ असतात, पण रात्री शेकोटीभोवती ज्यांचं नाव निघतं असे थोडेच.

'बुल' हे नाव कसं पडलं ती गोष्ट फौजेत सगळ्यांना माहिती असते. कुमार यांचा जन्म १९३३ चा, रावळपिंडीतला. कॅडेट होते तेव्हा, म्हणजे एनडीए आपल्या खडकवासल्याला यायच्या आधी, डेहराडूनला ट्रेनिंग चालायचं तेव्हा, पहिल्याच बॉक्सिंगच्या लढतीत समोर उभा राहिला सीनियर कॅडेट सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज, जे पुढे १९९० मध्ये लष्करप्रमुख झाले. कुमार हरले. पण मार खाऊनही पुन्हा पुन्हा डोकं खाली घालून अंगावर जात राहिले, आणि त्या दिवसापासून नरेंद्र कुमार कोणाला आठवलाच नाही, सगळ्यांच्या तोंडी बुल. हरलेल्या लढतीतून मिळालेलं नाव एखादा माणूस सत्तर वर्षं अभिमानाने वागवतो, मला हे फार आवडतं.

१९५४ ला कुमाऊँ रेजिमेंटमध्ये कमिशन मिळालं, मग दार्जिलिंगला तेनझिंग नोर्गेंच्या हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूटशी संबंध आला आणि तिथून जे डोंगराचं वेड लागलं ते शेवटपर्यंत. १९५८ ला त्रिशूल, ७१२० मीटर, टीमचे लीडर तेच. वय पंचविशीच्या आतलं. आज आपण हिमालयात जातो तेव्हा गोरटेक्सची जॅकेटं, दुहेरी बूट, सॅटेलाइट फोन, हवामानाचा अंदाज असं सगळं हाताशी असतं. त्या काळातलं भारतीय गिर्यारोहण म्हणजे जे मिळेल ते सामान, चामड्याचे बूट, आणि हवामानाचा अंदाज रेडिओवर लागला तर लागला.

१९६१ ला नीलकंठ. बद्रीनाथच्या मागे जो दिसतो तो, ६५९६ मीटर. उंचीने फार नाही पण स्वभावाने अतिशय वाईट डोंगर. त्या मोहिमेत फ्रॉस्टबाइट झाला आणि त्यात कुमारांच्या पायाची चार बोटं गेली.

इथे जरा थांबतो, कारण 'चार बोटं गेली' हे वाचायला एका ओळीत होऊन जातं. कडाक्याच्या थंडीत शरीर छाती-पोटाला ऊब राहावी म्हणून हातापायांच्या टोकांकडचं रक्त आखडतं घेतं. आधी बोटं दुखतात, मग बधिर होतात, मग दुखायचं थांबतं आणि हेच सगळ्यात वाईट, कारण माणसाला वाटतं आता बरं वाटतंय. पुढे बोटं काळी पडतात आणि कापावी लागतात. आणि बर्फाच्या उभ्या भिंतीवर चढताना माणूस उभा कशावर असतो, तर पायाच्या पुढच्या भागावर, क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधायच्या लोखंडी काट्यांचे, पुढचे दाते बर्फात रुतवून. तोल सांभाळायचं काम बोटं करतात. उतरताना तर जास्तच. शिवाय एकदा थंडीने पोळलेला पाय पुढच्या वेळी आणखी लवकर गारठतो. म्हणजे डॉक्टरच काय, कुठलाही शहाणा माणूस म्हणेल की बाबा आता बास. आता हे लक्षात ठेवून पुढच्या तारखा वाचा: नंदादेवी १९६४, एव्हरेस्ट १९६५, चोमोल्हारी १९७०, कांचनजंगा १९७७, सियाचिन १९७८ आणि १९८१. हे सगळं बोटं गेल्यानंतरचं आहे.

पण मला मुख्य जे सांगायचंय ते वेगळंच आहे. या मोठ्या मोहिमांमध्ये शिखरावर पोचलेल्यांच्या यादीत कुमारांचं नाव शोधा. जवळजवळ कुठेच नाही.

१९६० पासून बघू. भारताची पहिली एव्हरेस्ट मोहीम, लीडर ब्रिगेडियर ग्यान सिंग. शेवटच्या चढाईला तिघं निघाले: नरेंद्र कुमार, सोनम ग्यात्सो आणि नवांग गोम्बू. ८६२५ मीटरपर्यंत गेले. वर फक्त सव्वादोनशे मीटर राहिले होते. सव्वादोनशे मीटर म्हणजे आपल्याकडे चहा पिऊन येऊ म्हणत चढून जातो एवढं, पण तिथे वाऱ्याने उभं राहता येईना, आणि तिघं परत फिरले. जिवंत खाली आले.

आता पुढे काय झालं बघा. गोम्बू १९६३ ला अमेरिकन टीमबरोबर एव्हरेस्टवर गेले आणि १९६५ ला भारतीय टीमबरोबर पुन्हा गेले, एव्हरेस्ट दोनदा चढणारे जगातले पहिले. सोनम ग्यात्सो १९६५ ला पोचले. म्हणजे १९६० ला जे तिघं एकत्र मागे वळले त्यातल्या दोघांना शिखर मिळालं, तिसऱ्याला नाही. आणि तो तिसरा १९६५ च्या त्याच मोहिमेचा डेप्युटी लीडर होता! लीडर होते नौदलाचे एम. एस. कोहली. २०, २२, २४ आणि २९ मे अशा चार वेळा मिळून नऊजण वर पोचले, एका मोहिमेत नऊ हा विक्रम पुढे सतरा वर्षं टिकला. त्या नऊजणांसाठी खालून वर सामान पोचत राहिलं, ऑक्सिजनच्या बाटल्या वेळेवर पोचल्या, मधल्या कॅम्पवर कोण थकलाय कोण ठीक आहे हे कोणीतरी बघत होतं. त्या 'कोणीतरी'मध्ये कुमार होते.

नंदादेवीचंही तसंच. अनेक ठिकाणी तुम्हाला वाचायला मिळेल की नंदादेवी सर करणारे पहिले भारतीय कर्नल कुमार. तसं नाहीये. १९६४ ची मोहीम त्यांची, लीडर तेच, आणि भारतीयांना नंदादेवी पहिल्यांदा मिळाली ती त्याच मोहिमेत, पण २० जूनला वर जे उभे राहिले ते नवांग गोम्बू आणि दावा नोर्बू. मला वाटतं हे असं चुकीचं छापणं म्हणजे दोघांवरही अन्याय आहे. गोम्बू आणि नोर्बूंवर तर आहेच, पण कुमारांवरही आहे, कारण त्यांनी जे केलं ते आपण ओळखतच नाही आणि जे केलं नाही त्याचा हार गळ्यात घालतो.

अशा मोठ्या मोहिमेत लीडरचं काम काय असतं हे ज्यांनी थोडंफार जवळून पाहिलंय त्यांना कळेल. वीस-बावीस महत्त्वाकांक्षी माणसं असतात, प्रत्येकाला वर जायचं असतं, प्रत्येकाने वर्षानुवर्षं घाम गाळलेला असतो, आणि त्यातली दोन नावं निवडायची असतात. ज्यांना नाही म्हणायचं त्यांच्याकडूनच त्या दोघांचं सामान वाहून घ्यायचं असतं. हवा बिघडली की थांबा म्हणायचं असतं. थांबलो आणि नंतर हवा चांगली निघाली तर शिव्या लीडरला, आणि नाही थांबलो आणि काही झालं तर गेलेल्याच्या घरी जाऊन आईवडिलांसमोर उभं राहायचं तेही लीडरनेच. मी सह्याद्रीत पोरांना घेऊन जातो, त्यातसुद्धा सगळ्यात शेवटचा माणूस खाली येईपर्यंत घास उतरत नाही, मग तिथलं काय असेल.

आणि तसं झालंही. १९७० ला भूतानचं चोमोल्हारी. भूतानमध्ये हा डोंगर देवाचा मानतात, राजांच्या परवानगीने मोहीम गेली होती. प्रेम चंद आणि दोर्जी ल्हाटू वर जाऊन सुखरूप आले. दुसऱ्या तुकडीतली माणसं निघाली, आणि दिसेनाशी झाली ती कायमची. कुमार लीडर होते. यानंतर त्यांच्या मनात काय काय चाललं असेल ते मला माहीत नाही, पण सात वर्षांनी त्यांनी कांचनजंगाची मोहीम उभी केली, लष्कराची, आणि वर पाठवायला निवडलं कोणाला, तर त्याच प्रेम चंदना.

कांचनजंगा, ८५८६ मीटर, जगात तिसरं. १९५५ ला ब्रिटिश टीम नेपाळच्या बाजूने पोचली होती आणि त्यानंतर बावीस वर्षं तिथे कोणीही पोचलेलं नव्हतं. कुमारांनी निवडली सिक्कीमची बाजू, ईशान्येची धार, जिथून पॉल बावरच्या जर्मन टीमने १९२९ आणि १९३१ मध्ये दोनदा प्रयत्न केले आणि दोन्ही वेळा परतले होते. त्या धारेवर बर्फाचे असे टेकू, मनोरे आणि छज्जे आहेत की ते पोखरून, कापून रस्ता करावा लागतो, एकेका टप्प्यावर दिवसच्या दिवस जातात. ३१ मे १९७७ ला मेजर प्रेम चंद आणि नायक नीमा दोर्जी शेर्पा वर पोचले आणि सिक्कीमच्या लोकांची श्रद्धा राखून अगदी माथ्यावर पाय न ठेवता काही पावलं खालीच थांबले. जगातल्या गिर्यारोहकांनी या चढाईची जी वाहवा केली तेवढी आपल्या देशात कधीच झाली नाही. एव्हरेस्टचं नाव शाळेच्या पुस्तकात असतं, कांचनजंगाच्या ईशान्य धारेचं नसतं, असो.

आता सियाचिन.

१९४९ च्या कराची करारात युद्धबंदी रेषा आखली ती नकाशावर 'एनजे ९८४२' नावाच्या बिंदूपर्यंत. त्याच्या पुढे काय, तर करारात लिहिलंय की रेषा तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे जाते, बस. वर बर्फाशिवाय काही नाही, तिथे कोण कशाला जाईल असा विचार असणार. १९७२ च्या सिमला करारानंतरही तो तुकडा तसाच मोघम राहिला. दरम्यान परदेशात छापल्या जाणाऱ्या काही नकाशांमध्ये त्या बिंदूपासून सरळ काराकोरम खिंडीपर्यंत रेघ मारलेली दिसायला लागली, म्हणजे अख्खा सियाचिन पाकिस्तानकडे! आणि पाकिस्तान तिकडच्या शिखरांसाठी परदेशी टीमना परवाने देत होता.

कुमारांच्या हातात असा एक नकाशा एका जर्मन माणसाकडून पडला. तो नदीतून राफ्टिंग करायला, डोंगर चढायला येणाऱ्यांपैकी. त्याच्या डोक्यात राजकारण नव्हतं, त्याला फक्त सियाचिनला जायचं होतं. कुमार तेव्हा गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचं काम बघत होते. नकाशा पाहिल्यावर त्यांना रेघेतली गोम लगेच कळली, तो घेऊन ते सरळ दिल्लीला, मिलिटरी ऑपरेशन्सचे प्रमुख लेफ्टनंट जनरल छिब्बर यांच्यापुढे. बाकी कोणी असतं तर त्यावर फाईल तयार झाली असती, निषेधाचं पत्र गेलं असतं. कुमारांचं म्हणणं एकच होतं, मला जाऊन बघू द्या.

१९७८ ला ते गेले. ७६ किलोमीटर लांबीची हिमनदी, हिमभेगांनी भरलेली, वरून ताजा बर्फ पडला की भेगा झाकल्या जातात आणि माणूस चालता चालता गायब होतो. त्या मोहिमेत तेराम कांग्री २ या शिखरावर चढाई झाली. वाटेत परदेशी मोहिमांनी टाकलेला कचरा सापडला, डबे, सिगरेटची पाकिटं, आणि तो कचरा म्हणजेच पुरावा, कारण त्यावरून कळत होतं कोण कुठून येऊन गेलंय. १९८१ ला पुन्हा गेले, यावेळी हिमनदी तोंडापासून माथ्यापर्यंत पालथी घातली, साल्तोरो कांग्री आणि सिया कांग्री या शिखरांवर टीमने चढाई केली, इंदिरा कोल या खिंडीपर्यंत पोचले. कुठे कॅम्प लागतो, कुठल्या बाजूने चालायचं, कुठे भेगा, कुठून हेलिकॉप्टर येऊ शकतं, सगळं फोटोंत आणि नकाशांत उतरलं.

१३ एप्रिल १९८४, बैसाखीचा दिवस. ऑपरेशन मेघदूत. बिलाफोंड ला खिंडीत हेलिकॉप्टरने उतरलेल्या पहिल्या प्लाटूनचे कमांडर होते कॅप्टन संजय कुलकर्णी, पुढे लेफ्टनंट जनरल झाले. कुलकर्णी कुमाऊँ रेजिमेंटचे, म्हणजे बुल साबच्याच रेजिमेंटचे! आणि तोपर्यंत छिब्बर साहेब उत्तर कमांडचे प्रमुख झालेले, म्हणजे नकाशा ज्यांच्या टेबलावर ठेवला होता त्यांच्याच हाताखाली ही कारवाई झाली. कुमार स्वतः त्या दिवशी तिथे नव्हते. पुन्हा तेच. रस्ता त्यांनी शोधून ठेवला, वर दुसरे गेले, आणि गेलेले लोक रस्त्यावर विश्वास ठेवून गेले कारण बुल साब तिथून चालून आलेत हे त्यांना माहीत होतं.

सियाचिनची किंमत काय हे मला इथे लिहायचं नाही, ज्यांच्या घरची माणसं तिथे राहिली त्यांना माहीत आहे. गोळीपेक्षा थंडीने, हिमस्खलनाने आणि उंचीने जास्त जवान नेले. चार बोटं देऊन बसलेल्या माणसाइतकं ते दुसरं कोणाला कळलं असेल असं मला वाटत नाही.

घरच्यांबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही, कारण फौजी आणि गिर्यारोहक असा दुहेरी माणूस घरात असणं म्हणजे काय याचा अर्धा अनुभव आम्हाला आहे. बाबा फील्ड पोस्टिंगवर गेले की पत्ता फक्त युनिटचा आणि '५६ एपीओ', म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. माणूस नेमका कुठे आहे ते त्यावरून कळायचं नाही, आई पत्र टाकायची आणि वाट बघायची. कुमारांच्या घरी फील्डवरून आल्यावर जी सुट्टी मिळायची तीही डोंगराकडेच जात असणार. पण त्यांनी डोंगर घराबाहेर ठेवला नाही, घरच डोंगराकडे नेलं असं दिसतं. गुलमर्गच्या स्कीइंगच्या संस्थेचे ते प्रमुख होते, आणि मुलगी शैलजा कुमार १९८८ ला कॅलगरीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्लालममध्ये उतरली, हिवाळी ऑलिम्पिकला गेलेली पहिली भारतीय महिला. अठ्ठाविसावी आली. ज्या देशात बर्फावर घसरायला जागा हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, त्या देशाची मुलगी युरोपातल्या मुलींबरोबर त्या उतारावर उभी राहिली, यात वडिलांचा वाटा किती हे वेगळं सांगायला नको. मुलगाही साहसी पर्यटनाच्या व्यवसायात. फौजेतून बाहेर पडल्यावर कुमारांनीच तो सुरू केला होता, राफ्टिंग, ट्रेकिंग, म्हणजे आज ऋषिकेशला आपण तासाभराच्या राफ्टिंगसाठी रांग लावतो, ती आवड या देशात रुजवणाऱ्या पहिल्या फळीतले ते.

आणि याच घराने डोंगराला माणूसही दिलाय. त्यांचा धाकटा भाऊ, मेजर किरण कुमार, तोही फौजी, तोही गिर्यारोहक. १९८५ च्या लष्कराच्या एव्हरेस्ट मोहिमेत गेला तो परत आला नाही. ज्या डोंगराने मोठ्या भावाला सव्वादोनशे मीटर आधी परत पाठवलं त्याच डोंगराने धाकट्याला ठेवून घेतलं. यावर मला काही लिहिता येत नाही.

सन्मान पुष्कळ मिळाले. पद्मश्री, अर्जुन पुरस्कार, कीर्ती चक्र, अति विशिष्ट सेवा पदक. परम विशिष्ट सेवा पदक एरवी जनरल लोकांच्या छातीवर दिसतं, ते यांना कर्नल असताना मिळालं. पण बाबा यातलं काही सांगायचे नाहीत, ते सांगायचे ते कुमार बेसबद्दल. सियाचिनवर साधारण १६ हजार फुटांवर जो तळ आहे त्याचं नाव कुमार बेस, आणि ते नाव कर्नल साहेब हयात असतानाच दिलेलं. फौजेत चौक्यांना नावं मिळतात ती बहुतेक गेलेल्यांची. हा माणूस दिल्लीत घरी बसून पेपरात वाचत असेल की कुमार बेसवर आज तापमान इतकं खाली गेलं.

बाबा आता नाहीत, नाहीतर त्यांना विचारून आणखी बरंच लिहिता आलं असतं. तुमच्यापैकी कोणाचे वडील, काका, आजोबा, भाऊ कुमार बेसवर राहून आले असतील, किंवा गुलमर्गला बुल साबच्या हाताखाली शिकले असतील, तर मला जरूर लिहा. फोटो असेल तर उत्तमच, पण नुसती आठवण असली तरी चालेल. त्या १९७७ च्या कांचनजंगाच्या धारेवर सामान वाहणारे, दोर लावणारे, स्वतः वर न गेलेले जे जवान आणि शेर्पा होते त्यांची नावं मी जमवतोय, थोडी मिळालीत, बरीच बाकी आहेत.